मागता न येणारा उमेदवार

खोली गच्च बंद होती. खिडकीला दोन गोधड्या, दाराला सतरंजी, पंखा थांबवलेला, आणि कोपऱ्यात सहा वर्षांची नंदिनी दुपारच्या झोपेत पाय पोटाशी घेऊन पडलेली. मोनिकाने घसा खाकरला, मोबाईल तोंडाशी धरला, श्वास भरून घेतला... आणि नेमकी तेव्हाच पडद्यापलीकडच्या कुकरने शिट्टी दिली. लांबलचक, अगदी मन लावून.

मोनिकाने डोळे मिटले. मघापासून हेच चाललं होतं. एकदा कुत्रं, एकदा मालगाडी, एकदा सासूबाईंचा खोकला. आणि आता हे.

समोर पत्र्याच्या पेटीवर एक माणूस अवघडून बसला होता. तो हसू लागला. आधी नुसते खांदे हलले, मग तोंडावर हात गेला, मग हाताच्या आडूनही हसू सांडायला लागलं.

"हसायला काय झालं?" तिने विचारलं. रागावायचं तर त्यालाही ताकद लागते, आणि ती सकाळच्या पाळीत संपली होती.

"काय न्हाई, ताई... कागदावरची शेवटची ओळ वाचा की."

मोनिका अजून शेवटच्या ओळीपर्यंत पोचलीच नव्हती. तिने कागद उजेडाकडे धरला. निशाणी — प्रेशर कुकर.

"तुमची?"

"आमची. टोळीनं ट्रक मागितला हुता. ट्रक दुसऱ्याला गेला. आता पन्नास किलोचं पोतं पाठीवर घेनारी मानसं आमी... आन निशाणी काय, तर कुकर. आमचा खाजाभाई तवापासनं नीट जेवला न्हाई."

मोनिकाला हसायचं नव्हतं. पण आलं. किती दिवसांनी आलं, ते तिचं तिलाच कळेना. शेजारच्या घरातून ऐकू यावं तसं तिने स्वतःचं हसू ऐकलं.

"राहू द्या ती शिट्टी," तो म्हणाला.

"कुठं?"

"आवाजात. आधी शिट्टी, मग तुमी."

खरं तर उमेदवाराने तिच्या घरी यायची रीतच नव्हती. साऊंडवाल्याने मोबाईलवर मजकूर पाठवायचा, मोनिकाने नंदिनी झोपली की तो बोलून परत पाठवायचा, आणि दुसऱ्या दिवशी तिचा आवाज रिक्षावर बसून गावात निघायचा. असंच चाललं होतं. पण साऊंडवाल्याचा मोबाईल बिघडला, म्हणून कागद पोचवायला हा स्वतःच आला. सासूबाईंनी 'बस, पानी पी' म्हटलं, तो बसला, तेवढ्यात मोनिकाने दाराला सतरंजी लावली. आता उठून जावं तर दार वाजणार. म्हणून बिचारा श्वास धरून पेटीवर बसून राहिला होता.

नाव आदिनाथ. मूळचा श्रीगोंद्याकडच्या काष्टीचा, पण वयात आल्यापासून नगरच्या रेल्वे मालधक्क्यावर हमाल. सिमेंटची, खताची गाडी लागली की ती रिकामी करायची, हे त्याचं काम. मान किंचित डावीकडे कललेली, पोत्यांनी कायमची वळवून ठेवलेली. आणि पापण्यांवर सिमेंटची बारीक पांढरी धूळ. त्या धुळीमुळे डोळे मात्र उगीचच फार काळे दिसत होते... आणि आपण ते का बघतोय, असं मनात येऊन मोनिकाने कागदात डोकं घातलं.

दरवेळी निवडणूक आली की सगळ्या पक्षांना हमालांचे खांदे आठवायचे. झेंडे उचलायला, खुर्च्या वाहायला. या वेळी हमालांच्या संघटनेने ठरवलं, महापालिकेला आपलाच माणूस उभा करायचा. आदिनाथलाच का, तर म्हणे अख्ख्या टोळीत त्याच्या एकट्याशीच कुणाचं कधी भांडण झालं नव्हतं.

"एवढंच?" मोनिकाने विचारलं.

"एवढंच. आन मी त्या दिवशी बैठकीला नव्हतो."

*

शिट्टी चालली. नुसती चालली नाही, तर वस्तीत पळाली. रिक्षा गल्लीत शिरायची, आधी ती लांब शिट्टी यायची, मग मोनिकाचा आवाज — 'शिट्टी झाली... आता तरी गॅस बारीक करा, आणि माझं ऐका.' बाया दारात येऊन हसायच्या. पोरं शाळेत जाताना तोंडाने शिट्टी मारायची.

मोनिकाचा आवाज तसा अख्ख्या नगरात हिंडायचा. कांद्या-बटाट्याच्या टेम्पोवर, गाद्या पिंजणाऱ्याच्या गाडीवर, जुन्या मोबाईलवर नव्या बादल्या देणाऱ्याच्या सायकलवर. ती स्वतः मात्र कुठेच हिंडायची नाही. खोली, नळ, आणि नागापूरच्या एमआयडीसीतली पॅकिंगची सकाळची पाळी. नंदिनी वर्षाची होती तेव्हा ज्ञानेश्वर, तिचा नवरा, कामाला म्हणून सुरतेकडे गेला. काही महिन्यांनी एक फोन आला. 'बरा आहे मी. शोधू नका.' मग तो नंबरही बंद झाला. 

माणूस मेला असता, तर रडून झालं असतं. भांडून सुटला असता, तर कोर्टात जाता आलं असतं. एका वकीलबाईंनी सांगितलंही होतं, की सोडून गेलेल्या नवऱ्यापासून सुटका मिळते, अर्ज करा. मोनिकाने मान हलवली होती, आणि घरी येऊन भाकरी थापायला घेतल्या होत्या. कारण घरात चांगुणाबाई होत्या, त्याची आई. त्या त्याच्याबद्दल चकार शब्द बोलायच्या नाहीत. फक्त पीठ मळताना एक भाकरी जास्तीची व्हायची, आणि ती सकाळी मोनिकाच्या डब्यात जायची. अशा घरात अर्ज कुठल्या तोंडाने करायचा?

त्या आठवड्यात साऊंडवाला म्हणाला, शिट्टी झकास, पण उमेदवाराचा स्वतःचा आवाज पाहिजे. 'मला मत द्या' एवढं तरी त्याने म्हटलं पाहिजे. म्हणून आदिनाथ परत आला. या वेळी सोबत पिकलेल्या दाढीचा खाजाभाई होता. धक्क्यावरचा त्याचा जोडीदार.

"बेटी, ह्याला मागायला शिकव," खाजाभाई बसायच्या आधीच म्हणाला. "काल मत मागायला पाठवला. एका म्हातारीचं सिलिंडर तिसऱ्या मजल्यावर चढवून आला. मी विचारलं, मत मागितलं का? तर म्हणे, राहिलं."

"वजन दिसलं की हात जातो," आदिनाथ खाली बघत म्हणाला. "काय करनार."

"परवा तर ज्वारीचं कट्टं, भरलं पोतं. त्याच्या आधी पाण्याचा ड्रम. लोक म्हणतात माणूस सोन्यासारखा आहे. अरे, पण सोनं उभं आहे निवडणुकीला, हे कोण सांगणार त्यांना?"

मोनिकाने गोधड्या लावल्या. मोबाईल त्याच्यासमोर धरला. "म्हणा, 'मला मत द्या.'"

"बघा... जमलं तर..."

"जमलं तर काय? वास्तुशांतीला बोलावताय का?"

खाजाभाई खोकल्याचं निमित्त करून हसला. आदिनाथने पुन्हा सुरुवात केली. पुन्हा 'तसं काय न्हाई, पण' झालं. मग 'तुमची मर्जी' झालं. मोनिकाने मोबाईल खाली ठेवला. डोकं दुखत होतं, संध्याकाळचं पाणी यायची वेळ झाली होती, आणि हा एवढा मोठा गडी तीन शब्दांपुढे घामाघूम झाला होता. तिला चीड यायला हवी होती. आलं दुसरंच काहीतरी... मऊ, अनोळखी.

"थांबा. आधी बारकं काहीतरी मागा. माझ्याकडे पाणी मागा."

"तहान न्हाई."

"नसू द्या. मागा."

"असंल तर—"

"असेल तर नाही. 'पाणी द्या.'"

त्याने तिच्याकडे बघितलं. बराच वेळ. मग म्हणाला, "तुमी लई दमलाय." आणि उठला. माठातून तांब्या भरला, फडताळातला पेला शोधला, भरला, आणि तिच्या हातात दिला.

खाजाभाईने कपाळाला हात लावला.

मोनिका पाणी प्यायली. उभ्याउभ्याच, एका दमात. या घरात ती सगळ्यांना पाणी द्यायची. सासूला, लेकीला, दारात आलेल्याला. तिच्या हातात कुणी पेला दिल्याचं तिला आठवेना. तिने तोंड फिरवलं.

"उठायचं कशाला होतं तुम्ही?" ती म्हणाली. आवाज नको तितका बारीक निघाला.

"आमच्यात तसंच असतं," तो म्हणाला. "सोताचं पोतं सोताच्या पाठीवर कुनी घेत न्हाई. कंबर जाते. जोडीदारानं उचलून द्यायचं. मला खाजाभाई देतो, त्याला मी. तुमाला... कोन देतं?"

"माझं पोतं कधी खाली ठेवलेलंच नसतं," मोनिका म्हणाली. "देणार कोण?"

ती हे हसत म्हणाली होती. पण तो हसला नाही. खाजाभाईही नाही.

शेवटी आवाज भरला गेला, तो असा — 'मी आदिनाथ. धक्क्यावर ओझं व्हातो. तुमचं बी व्हाईन. मत... द्या.' मत आणि द्या यांच्या मध्ये एवढी जागा होती, की तिच्यातून बैलगाडी गेली असती. पण साऊंडवाल्याला तेच आवडलं. आणि ती जागा का पडली, हे फक्त मोनिकाला माहीत होतं. तेव्हा त्याने मोबाईलकडे बघायचं सोडून तिच्याकडे बघितलं होतं... आणि धुळीखाली त्याचे कान लाल झाले होते.

*

मग निमित्तं निघू लागली. मजकुरात एक शब्द बदलायचाय. सभेची वेळ बदलली. पत्रकावर कुकरचं चित्र बरोबर आहे का, बघा बरं, घरच्या बाईला जास्त कळतं. दुपारी तासाभरासाठी तो यायचा, पायरीवर बसायचा, चांगुणाबाईंशी पावसापाण्याचं, काष्टीच्या बाजाराचं बोलायचा. नंदिनी त्याची गोणपाटाची खोळ, हमाल डोक्यावरून पाठीवर सोडतात ती, घालून घरभर फिरायची. आणि जाता जाता तो काही ना काही उचलून ठेवायचा. नळावरचा हंडा. कोपऱ्यातली पिठाची गोणी. एकदा तर पेटीच.

"पेटी कुठं निघाली?"

"भिंतीला ओल हाय. लांब ठेवली."

"विचारायचं तरी."

"तेच तर जमत न्हाई."

एके दिवशी नळावरून येताना मोनिकाच्या ध्यानात आलं, की आज याने एकदाही...

"आज ताई म्हणायला विसरलात," ती म्हणाली. हातातला हंडा त्याने केव्हाच घेतला होता.

"विसरलो न्हाई."

"मग?"

"टाळलं."

हंडा त्याच्या खांद्यावर हिंदकळत होता, पाणी त्याच्या सदऱ्यावर सांडत होतं, आणि थंडीचे दिवस असूनही त्याला ते कळत नव्हतं. गल्लीच्या तोंडाशी मोनिकाने पदर नीट केला. तिला एकाएकी आठवलं, की ती फक्त अठ्ठावीस वर्षांची आहे. हे ती चक्क विसरून गेली होती, गॅसवरचं दूध विसरावं तसं.

पण गल्लीला डोळे होते, आणि निवडणुकीत तर डोळ्यांना पगार मिळतो. आठवड्यातच नळावर आवाज आला. "कुकर बरा त्याच घरात शिजतो." मग हसणं. मग, "नवरा जित्ता हाय म्हनं तिचा." मग समोरच्या उमेदवाराच्या पोरांनी रिक्षामागे शिट्ट्या मारायला सुरुवात केली. या शिट्ट्या वेगळ्या होत्या.

त्या रात्री चांगुणाबाईंनी जास्तीची भाकरी केली नाही. मोनिकाने परात बघितली, आणि ते तिला टोमण्यापेक्षा जास्त लागलं.

दुसऱ्या दुपारी तो आला, तेव्हा ती दारातच उभी राहिली.

"आता येऊ नका."

त्याने पायरीवर टेकवलेला पाय खाली घेतला. "काय चुकलं?"

"तुमची मतं जातील."

"मतं जाऊ देत."

"असं म्हणू नका. टोळीने उभं केलंय तुम्हाला. धक्क्यावर प्यायला पाणी नाही, बायकांना आडोसा नाही, ट्रक पोरांच्या शाळेच्या रस्त्यावर उभे असतात... हे मीच बोललेय ना तुमच्या भोंग्यावरून? माझ्यापायी ते जायला नको." ती थांबली. "आणि माझंही घर आहे. आत त्या बसल्यात."

"बरं," तो म्हणाला. एवढंच. एकदा जरी म्हणाला असता, की मला यायचंय... तर तिने काय केलं असतं, कुणास ठाऊक. पण तो मागणारा नव्हताच. तो वळला. जाताना त्याने दारातला भरलेला सिलिंडर उचलला, आत ओट्याखाली नेऊन ठेवला, आणि खाली मान घालून निघून गेला.

मोनिका त्या सिलिंडरकडे बघत राहिली. मग तिला रडू आलं, आणि रडतानाच हसूही.

*

त्यानंतर तो फक्त आवाजाने यायचा. दुपारी रिक्षा गल्लीत शिरायची. शिट्टी. मग तिचा आवाज, मग त्याचा. दोघं एकाच भोंग्यातून, एकामागून एक, साऱ्या वस्तीसमोर बिनधास्त निघालेले. 'ऐकलंत का?' ती म्हणायची. 'मी आदिनाथ,' तो म्हणायचा. जुन्या संसारातल्यासारखं. कपडे वाळत घालताना मोनिकाचा हात दोरीवरच थांबायचा. मत आणि द्या यांच्यामधल्या त्या जागेत ती दरवेळी श्वास रोखायची, आणि रिक्षा वळणावर गेली की सोडायची. मग पुन्हा धुणं. मग पुन्हा पाळी, भाकरी, नळ. पण सगळं आधीपेक्षा जड. ओझं तेच होतं, फक्त मध्ये एकदा कुणीतरी त्याला हात लावून गेलं होतं.

मतदानाच्या दिवशी ती शाळेत गेली, तर तो फाटकाच्या बाहेर. एका म्हाताऱ्याला खुर्चीसकट उचलून पायऱ्यांपर्यंत आणत होता. म्हातारा समोरच्या उमेदवाराचा चुलता होता. सगळ्या रांगेला माहीत होतं, म्हाताऱ्यालाही माहीत होतं, आणि तो आरामात बसून "सांभाळ रे बाबा" म्हणत होता. आदिनाथने खुर्ची ठेवली, मान वर केली, तिला बघितलं. तिनेही. मग त्याने नजर खाली घेतली, कारण रांग बघत होती.

आत जाऊन मोनिकाने कुकरचं बटण दाबलं. दाबून धरलं, गरजेपेक्षा जरा जास्तच.

तो पडला.

फार मतांनी नाही, पण पडलाच. सांगायला खाजाभाई आला. दारात उकिडवा बसला, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "बेटी, तुझ्यामुळं नाही हां. ते डोक्यातनं काढ. लोकांनी ऐकलं आणि सोडून दिलं. मला काय कळलं माहितीय? ती तिसऱ्या मजल्यावरची म्हातारी आज ह्याला रस्त्यात भेटली. म्हणाली, आरं, तू उभा हुतास व्हय? मला वाटलं तू ग्यासवाला हायस."

मोनिकाने तोंडाला पदर लावला.

"शिट्टी सगळ्यांना पाठ. नाव सगळ्यांना पाठ. पण दारात येऊन ड्रम उचलणारा तोच तो, हे कुणाला कळलंच नाही. ह्याने सांगितलंच नाही ना. सगळा प्रभाग फिरला आणि एकदासुद्धा म्हणाला नाही, की मी तो." खाजाभाई उठला. टोपी झटकली. "मी त्याला म्हटलं, अरे, जे पाहिजे ते मागितल्याशिवाय मिळत नसतं. तर गप्प बसला. आज गाडी लागलीय सिमेंटची. गेलाय पोती व्हायला."

*

दोन दिवसांनी, रविवारी दुपारी, तो आला.

अंघोळ करून आला होता. पापण्यांवर धूळ नव्हती, आणि त्यामुळे चेहरा उघडावाघडा, फार थकलेला दिसत होता. चांगुणाबाई भिंतीला टेकून मेथी निवडत होत्या. नंदिनी त्यांच्याशेजारी देठं मोजत होती, चुकत होती, पुन्हा मोजत होती. दाराशी नुकतंच आणलेलं गव्हाचं कट्टं पडलेलं. मोनिकाची नजर आधी त्याच्याकडे गेली, मग कट्ट्याकडे. आता उचलणार, तिला वाटलं.

त्याने उचललं नाही. त्याने कट्ट्याकडे बघितलं, बोटं एकदा वळवळली, आणि मग त्याने दोन्ही हात मागे नेऊन एकमेकांत घट्ट धरले. तसाच उंबऱ्याबाहेर उभा राहिला.

"मावशी," तो म्हणाला. "मागायला आलोय."

चांगुणाबाईंचा हात थांबला.

"निवडनूक झाली की रं," त्या म्हणाल्या.

"मत न्हाई मागत." कपाळावर तोच घाम. मग तो मोनिकाकडे वळला. "मला... तुमी पायजेत."

"बघा जमलं तर, असं न्हाई," तो म्हणाला. आवाज थरथरत होता, पण थांबत नव्हता. "तुमची मर्जी, असं बी न्हाई... म्हंजे मर्जी तुमचीच, पन मला पायजेत. तुमी, नंदू आन मावशी. तिघी. मला एकट्याला ती खोली खायला उठती. कोर्टाचं काय असंल ते रीतसर करू. लागंल तितका वेळ लागू द्या. लोक बोलतील, ते बी बोलू द्या. मी आजवर कुनाकडं काय मागितलं न्हाई. आईकडं बी न्हाई. हे पहिलंच."

मोनिका ओट्याला धरून उभी होती. तिच्या मनात 'हो' केव्हाचं तयार होतं, पाळीवरून येताना, नळावर, दोरीपाशी... किती वेळा तिने ते ओठांवर घोळवलं होतं. पण आता सासूची मान खाली होती, पांढऱ्या केसांचा भांग तिच्याकडे होता, आणि ते 'हो' घशातून वर येईना. गावभर फिरणारा तिचा आवाज ऐन वेळी गेला.

"आत्या..." एवढंच ती म्हणाली.

चांगुणाबाईंनी मेथीची जुडी बाजूला ठेवली. पदराने हात पुसले. सावकाश, एकेक बोट.

"मी न्हाई यायची," त्या आदिनाथला म्हणाल्या. "माझं पोरगं ह्या घरातनं गेलंय, मी हितंच ऱ्हानार. तुझी खोली कुठं हाय, धक्क्यामागंच ना? मग येनं-जानं ऱ्हाईल." मग त्या मोनिकाकडे वळल्या. त्यांचे डोळे कोरडे होते, पण ओठ थाऱ्यावर नव्हते. "तू जा, बाई. मी आंधळी न्हाई. त्या दिवशी भाकर केली न्हाई ती तुझ्यावर रागवून न्हाई केली. सोतावर रागावले हुते. माझ्या लेकाची भाकर मी तुला शिळी करून खाऊ घातली, इतकी वर्सं. बास झालं आता. त्याची वाट बघायला मी एकटी पुरे हाय."

मोनिका खाली बसली. सासूच्या मांडीवर तिने डोकं टेकवलं, लग्न होऊन आल्यापासून कधी टेकवलं नव्हतं तसं. म्हाताऱ्या हाताला मेथीचा वास होता. तो तिच्या केसांवरून फिरत राहिला. तसंच, डोकं न उचलता, तिने दाराकडे बघितलं, आणि मान हलवली. हो. इतकं बारीक, की दुसऱ्या कुणाला दिसलं नसतं. पण आदिनाथने ते बघितलं. त्याचे मागे धरलेले हात सुटले आणि दोन्ही बाजूंना लोंबत राहिले, पोतं उतरल्यावर हमालाचे राहतात तसे. तो उंबऱ्यावरच बसला. हसला, आणि बाहीने डोळे पुसले.

"आता तरी आत या," मोनिका म्हणाली.

"बोलवताय?"

"मागून घ्या की. आता येतं ना?"

मूठभर मेथीची देठं नंदिनीच्या हातात तशीच होती. तिने आजीकडे बघितलं, दारातल्या माणसाकडे बघितलं, आणि मग आईच्या जवळ सरकली. तिच्या कानाशी तोंड नेलं. आजीला ऐकू जाऊ नये म्हणून अगदी हळू, पण लहान मुलांचं हळू असतं तेवढंच हळू.

"मम्मी, मग पप्पांची वाट मी पण बघायची थांबवू का?"

मोनिकाने तिला जवळ ओढलं. मग तिच्या मुठीतलं एकेक देठ काढून तिच्याबरोबर पहिल्यापासून मोजायला घेतलं.